कॅन्सरचे उपचार संपले, तरी थकवा जात नाही: घरच्या घरी काय करायचं, कसं करायचं

शेवटची केमो होते, रेडिएशनचे दिवस भरतात, स्कॅन चांगला येतो आणि घरचे आनंदानं कुंदा वाटतात. त्यानंतर तीन महिने उलटले तरी सकाळी उठून आंघोळ होईपर्यंतच जीव दमलेला असतो. शेजारीण विचारते, “काय वो काकू, ट्रीटमेंट संपली की, अजून झोपूनच?” या एका प्रश्नानं माणूस जितकं खचतं, तितकं दुखण्यानंही खचत नाही.

हा थकवा खरा असतो. आळस, नाटक किंवा मनाचा कमकुवतपणा असं काही त्यात नसतं. दिवसभर भांगलण करून आलेलं माणूस रात्री झोपलं की सकाळी ताजं उठतं. इथं नऊ तास झोपूनही अंग जड राहतं. केलं त्या मानानं दमणूक फार जास्त होते आणि कधी कधी काहीच न करता ती अंगावर येते. औषधांनी आणि रेडिएशननं शरीरात दाह राहिलेला असतो, रक्त कमी झालेलं असतं, झोप मोडलेली असते, जेवण तुटलेलं असतं. त्यात महिनोन्‌महिने अंथरुणात काढल्यानं स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना साध्या कामालाही जास्त जोर लावावा लागतो, म्हणून माणूस आणखी झोपतं, आणि स्नायू आणखी झिजतात.

म्हणूनच घरातली माणसं प्रेमानं जे सांगतात, “काही करू नकोस, नुसती पडून राहा,” तेच नेमकं उलटं पडतं. बऱ्याच जणांचा थकवा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू कमी होतो. काहींचा वर्षभर आणि त्याहून जास्तही राहतो. पण त्याला हात लावता येतो. आधी दुरुस्त होणारी कारणं शोधायची, मग अंगातली ताकद दिवसभरात बेतानं वापरायची आणि रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्यायचं.

आधी एवढं तपासा

खालीलपैकी काही असेल तर पुढचं काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, काळं शौच, पायातलं बळ अचानक जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बोलण्यात गोंधळ. थकवा कमी होत आलेला असताना तो पुन्हा एकदम वाढला किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

दुरुस्त होणारी कारणं

थकवा म्हटलं की डॉक्टरही गर्दीत “होईल कमी” म्हणून पुढचा पेशंट बोलावतात. तेव्हा तपासण्यांबद्दल आपणच विचारावं. बहुतेक तपासण्या तालुका हॉस्पिटलात किंवा बेळगावच्या बिम्समध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, होतात, त्यासाठी दर वेळी हुबळी-मिरजेला जायची गरज नसते.

पहिलं, रक्त. हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर ते कमीच. ते का कमी आहे हे कळायला फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ बघावं लागतं. रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं नसतं, आणि लोह पुरेसं असताना गोळ्या खाल्ल्या तर पोट बांधण्यापलीकडे काही होत नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या आणि तिच्या आधी-नंतर किमान तासभर चहा घेऊ नका, कारण चहानं लोह शोषलं जात नाही. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा लागतो. ही एक सवय मोडली तरी फरक पडतो.

दुसरं, थायरॉइड. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट घरोघरी माहीत आहेत. ज्यांच्या मानेवर रेडिएशन झालंय त्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे महिन्यांनी, वर्षांनीही मंदावू शकते. थंडी सोसवत नाही, शौचाला कडक होतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं, वजन वाढतं आणि सगळं अंग मंद पडतं. अशांनी दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायलाच हवी. गोळी सुरू झाली तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. सगळ्या गोळ्या एकाच मुठीत घेतल्या तर थायरॉइडची गोळी वाया जाते आणि पुढच्या तपासणीत डोस विनाकारण वाढतो.

तिसरं, हृदय. लाल रंगाचं डोक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन किंवा डाव्या छातीवर रेडिएशन घेतलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागत असेल, रात्री सपाट झोपता येत नसेल, पावलं सुजत असतील, तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हे थकवा म्हणून अंगावर काढायचं दुखणं नव्हे.

याशिवाय साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम, लिव्हरची तपासणी आणि ड जीवनसत्त्व. ड कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी देतात. ठरलेले आठवडे संपल्यावर ती आपल्या मनानं चालू ठेवू नका. ड जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्यानं थकवाच वाढतो. बराच काळ स्टेरॉइड घेऊन ते थांबवलं असेल किंवा इम्युनोथेरपी झाली असेल, तर सकाळची कॉर्टिसॉल (शरीरात तयार होणारं स्टेरॉइड) तपासणी लागेल का, हेही विचारा.

मग औषधांची पिशवी. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेली गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, दुखण्यासाठीचं ट्रामाडोल, खाजेसाठीची ॲव्हिल, बीपीच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी सुस्ती येते. बरेचदा वेळ बदलून किंवा डोस कमी करून काम भागतं. पण आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. विशेषतः स्तनाच्या कॅन्सरनंतर चालू असलेल्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनवरच्या गोळ्या कधीच नको. त्यानं अंगात वाफा येतात, झोप मोडते, सांधे धरतात हे खरं आहे, पण त्रासावर उपाय निघतो. टॅमॉक्सिफेन चालू असताना नैराश्यासाठी गोळी सुरू करायची वेळ आली, तर ते घेत असल्याचं आवर्जून सांगा. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात.

सलाईनचं काय?

अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन “एक बाटली लावा” म्हणायची आपल्याकडे रीतच पडलीय. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्वारीच्या एका भाकरीतून याच्या दुप्पट ऊर्जा मिळते. उलट्या-जुलाबानं शरीरातलं पाणी गेलं असेल तेव्हा सलाईनचा उपयोग होतो, या थकव्यावर होत नाही. त्यात घातलेलं पिवळं बी-कॉम्प्लेक्स कमतरता असेल तरच लागू पडतं. काही ठिकाणी सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं दोन दिवस हुशारी वाटते, मग साखर चढते, झोप उडते आणि तिसऱ्या दिवशी माणूस पहिल्यापेक्षा जास्त गळतं. “ताकदीचं इंजेक्शन” घ्यायची वेळ आलीच, तर आधी नाव लिहून मागा. अश्वगंधा किंवा पावडरीच्या डब्यांचंही असंच. अश्वगंधानं काहींच्या लिव्हरला इजा झाल्याचं आढळलंय आणि थायरॉइडच्या औषधातही तिचा घोळ होतो. न विचारता सुरू करू नका. त्या पैशात महिन्याची अंडी आणि दूध येतं.

दोन आठवडे वही लिहा

शाळेची साधी वही घ्या. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवे लागताना थकव्याला ० ते १० मधला एक आकडा द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. आकड्यापुढे त्या वेळात काय केलं तेवढं दोन शब्दांत: “पाणी भरलं”, “पाहुणे”, “दीड तास झोप”. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या.

दोन आठवड्यांत बहुतेकांना आपला नमुना दिसतो. बऱ्याच जणांची सकाळची दोन-तीन तासांची वेळ चांगली असते आणि दुपारी तीननंतर अंग पडतं. काहींचं नेमकं उलटं असतं. आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते: एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून माणूस तुंबलेलं सगळं काम उरकतं, आणि पुढचे दोन-तीन दिवस आकडा आठवर जातो. ही चढउतार मोडणं हे पुढच्या सगळ्या गोष्टींचं मर्म आहे. चांगल्या दिवशी थोडं हातचं राखायचं आणि वाईट दिवशीही थोडं तरी करायचं.

चालणं: औषधासारखं, मोजून

या थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा कशाचा असेल तर तो व्यायामाचा. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं, मध्यम वेगानं, किमान बारा आठवडे, असं उद्दिष्ट धरतात. पण ते शेवटचं टोक आहे. पहिल्याच दिवशी अर्धा तास चालायला गेलात तर आठवडाभर अंथरूण सुटणार नाही.

सुरुवात अशी करा. सपाट जागी, आरामात, दम लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते बघा. दहा मिनिटं आली तर सुरुवात पाच मिनिटांपासून करायची. चार आली तर दोन. हे दिवसातून दोनदा, आपल्या चांगल्या वेळेत, पोट भरल्यावर लगेच नाही. तीन दिवस तेवढंच ठेवा. वहीतला आकडा वाढला नसेल तर एक-दोन मिनिटं वाढवा. पुन्हा तीन दिवस. दुसऱ्या दिवशीचा आकडा नेहमीपेक्षा दोननं चढला, तर आधीच्या मिनिटांवर या आणि तीन दिवस तिथंच थांबा. याला हार मानू नका, डोस बसवताना एवढं मागेपुढे होणारच. या गतीनं दोन ते तीन महिन्यांत बहुतेक जण अर्ध्या तासापर्यंत पोचतात.

वेग बरोबर आहे का हे बोलण्यावरून कळतं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा.

जागा निवडताना चढ टाळा. बेळगावात टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो किंवा किल्ला तलावाचा काठ बरा, तिथं सावली आहे आणि टेकायलाही जागा मिळते. गावात हायस्कूलचं मैदान चालेल. शेताचा बांध नको. केमोनं तळपाय बधिर झालेल्या माणसाला बांधावर पाऊल कुठं पडलं ते कळत नाही. अशांनी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत, कारण काटा टोचलेलाही कळत नाही. खानापूरकडे जून ते सप्टेंबर बाहेर पडायची सोय नसते. तेव्हा घराच्या सोप्यातच, म्हणजे पुढच्या लांब खोलीत, चाला. वीस फुटांच्या सोप्यात एक फेरी सहा मीटरची होते, पाच मिनिटांत तीस-चाळीस फेऱ्या होतात. वळताना एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळा, म्हणजे गरगरत नाही. ओल्या फरशीवर मात्र नको.

हाडात गाठी असतील, प्लेटलेट फार कमी असतील, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. ताप असलेल्या दिवशी कुणीच करू नये.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा, दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस तरी सोडून. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, पाच वेळा. ओट्याला धरून टाचा उचला, आठ वेळा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर जोर काढा, पाच वेळा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून कोपरातून हात वाकवा, आठ वेळा. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. सोपं वाटायला लागलं की तीच फेरी थोडी विश्रांती घेऊन दोनदा. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात जड वाटू लागला किंवा बांगडी घट्ट झाली, तर बाटलीचा व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. शौचासाठी किंवा लघवीसाठी पोटावर पिशवी बसवलेल्यांनी वजन उचलण्याआधी विचारावं, तिथं हर्निया होऊ शकतो.

महिन्यातून एकदा, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता आलं ते मोजून वहीत लिहा. थकव्याचा आकडा हलायच्या आधी हा आकडा हलतो, आणि तो बघून धीर येतो.

घरकामात ताकद कुठं गळते

कागदावर तीन रकाने करा: मीच केलं पाहिजे, दुसऱ्यानं केलं तरी चालेल, राहिलं तरी बिघडत नाही. हे एकट्यानं करू नका, घरच्यांना घेऊन बसा. बाईमाणसाच्या पहिल्या रकान्यात सुरुवातीला घरातलं एकूण एक काम येतं. घरच्यांनी त्यातली निम्मी तिथल्या तिथं, नावानिशी, दुसऱ्या रकान्यात न्यावीत. “सांग काय करू” असं विचारण्यापेक्षा “आई, रात्रीची भांडी आजपासून माझी” असं म्हणणं कितीतरी बरं, कारण कामं वाटून देणं हेही कामच असतं.

सगळ्यात जास्त ताकद जाते ती सकाळच्या दोन तासांत. नळाला पाणी येतं पहाटे, तेव्हा झोप मोडते, मग भरलेल्या घागरी, मग भाकरी, डबे, आंघोळ, सगळं एकापाठोपाठ. पाणी भरणं हे दुसऱ्या रकान्यातलं पहिलं काम असावं. अगदीच वेळ आली तर अर्धी कळशी, दोन खेपा. भाकरी थापताना खांद्याला जोर लागतो आणि उभं राहून आचेपुढे दम निघतो. उंच स्टुलावर बसून करा, किंवा आठवड्यातले तीन दिवस कडक भाकरी विकत आणा, ती टिकते आणि आमटीत भिजवली की मऊ होते. तोंडात फोड असतील तर मात्र भातच बरा. भाज्या निवडणं, चिरणं बसून, आदल्या संध्याकाळी.

आंघोळीचा थकवा कुणी मोजत नाही. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं आणि पाय गळतात. कोमट पाणी घ्या, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करा, नंतर दहा मिनिटं टेका आणि मग केस विंचरा. ज्या दिवशी केस धुवायचे त्या दिवशी दुसरं मोठं काम ठेवू नका.

काम करायचं ते दमण्याच्या आधी थांबून. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसणं, असं घड्याळ लावून करा. “एवढं संपवून बसते” म्हणालात की गाडी हमखास रुळावरून उतरते.

गणपतीचे दिवस किंवा गावची लक्ष्मी यात्रा असली की घरात वीस पानं उठतात. तिथं माघार घेणं जिवावर येतं, तेही समजण्यासारखं आहे. आदला दिवस आणि नंतरचे दोन दिवस रिकामे ठेवा, आणि स्वयंपाकघराऐवजी पाहुण्यांत बसायचं काम घ्या. त्यानं मनही रमतं.

खाणं

झिजलेला स्नायू भरायला प्रोटीन लागतं. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण ५५ ते ८० ग्रॅम. किडनीचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आपलं नेहमीचं भात-आमटीचं जेवण इथं बरंच कमी पडतं.

ही बेरीज बघा. सकाळी ग्लासभर दूध ६ ग्रॅम, मूठभर फुटाणे ६. नाश्त्याला दोन अंडी १२, बरोबर उप्पीट ४. दुपारी एक भाकरी ६, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ९, वाटीभर दही ५. चार वाजता मूठभर शेंगदाणे ७. रात्री भात ४ आणि तीस ग्रॅम डाळीची घट्ट आमटी ७. झाले ६६. अंडी खात नसाल तर पनीर, जास्तीची उसळ किंवा हुलग्याचं पिठलं. मासे-चिकन चालत असेल तर रात्रीच्या जेवणात तीन-चार तुकडे.

नाचणीची आंबील चांगली, पचायला हलकी, कॅल्शियम भरपूर. पण नाचणीत प्रोटीन १०० ग्रॅमला सातच ग्रॅम, आणि एका वाटी आंबिलीत पीठ असतं दोन चमचे. त्यात ताक आणि चमचाभर शेंगदाण्याचा कूट घातला तर ती पोटाला लागते. ज्यांना घशाच्या रेडिएशननंतर गिळवत नाही त्यांच्यासाठी हीच आंबील, मऊ खिमट आणि मिक्सरमधून काढलेली डाळ दर अडीच-तीन तासांनी थोडी थोडी द्यावी. एकदम भरल्या ताटानं पोट जड होतं आणि सुस्ती येते. पाणी दिवसाला आठ-दहा पेले, हृदय किंवा किडनीसाठी बंधन घातलेलं नसेल तर.

झोप

दिवसा झोपा, पण गजर लावून: वीस ते तीस मिनिटं, दुपारी तीनच्या आत. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप जाते. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर पंधरा मिनिटं अंगणात उजेडात बसा. दुपारनंतरचा चहा बंद. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. दिवसभर लोळायला आणि रात्री झोपायला तीच गादी वापरत असाल तर दिवसाची बसण्याची जागा बदला. वाफांनी झोप मोडत असेल तर सुती कपडे, उशाशी पाणी, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालणं.

मन आणि डोकं

नावं आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरलं जातं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. उपचारांनंतर हे पुष्कळांना होतं. एका वेळी एकच काम, मोबाइलचा गजर, किल्ल्या-चष्म्याची ठरलेली जागा, आणि पैशाचे, शेताचे निर्णय आपल्या चांगल्या वेळेत.

उदासी आणि थकवा एकमेकांत मिसळतात. ढोबळमानानं, थकलेल्याला करायचं असतं पण अंग साथ देत नाही, आणि उदास माणसाला करावंसंच वाटत नाही. दोन आठवडे रोज असंच जात असेल, आवडीचंही नकोसं होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर तो फोन लगेच करा आणि माणसाला एकटं सोडू नका.

कामावर परतताना, आणि प्रवासात

जमत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे अर्धा दिवस, रात्रपाळी नको, आणि तसं डॉक्टरांकडून लेखी घ्या. बेळगावच्या उद्यमबागसारख्या ठिकाणी कारखान्यात पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर हे माहीत हवं: नेहमीच्या ९१ दिवसांच्या आजारपणाच्या लाभानंतर, कॅन्सरसाठी वाढीव आजारपण लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के दरानं, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी असतात, त्या शाखा कार्यालयात विचारा, पण नोकरी सोडायच्या आधी विचारा. शेतीत सकाळी आठ ते दहाचं हलकं काम धरा. औषध मारणं आणि उसाच्या मोळ्या उचलणं दुसऱ्याकडे द्या.

तपासणीच्या प्रवासानंतरचा दिवस मोकळाच ठेवा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र भरून घ्यावं लागतं. मुंबईला बसून जाण्यापेक्षा आडवं पडून गेलं तर पुढचे दोन दिवस वाचतात. कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या आत साध्या सरकारी बसचा प्रवास २०२३ पासून फुकट आहे, पण गर्दीची वेळ टाळा. उभ्यानं केलेला तासाभराचा प्रवास दिवस खाऊन टाकतो.

डॉक्टरांपुढे काय मांडायचं

आत पाच मिनिटं मिळतात. “लई वीकनेस आहे” एवढ्यानं भागत नाही. एका कागदावर पाच ओळी लिहून न्या: गेल्या दोन आठवड्यांतला थकव्याचा सरासरी आकडा आणि सगळ्यात जास्त आकडा, दिवसाच्या कुठल्या वेळी, आधी जमायचं पण आता जमत नाही असं एक काम, जसं की “बाजारापर्यंत चालत जात होते, आता गल्लीच्या टोकाला बसावं लागतं”, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आणि शेवटची हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर कधी झाली ती तारीख. कन्नड किंवा इंग्रजीत बोलायला अडत असेल तर घरातलं शिकलेलं पोर बरोबर न्या आणि कागद त्याच्याकडून लिहून घ्या. बाहेर पडण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या कुठल्या तपासण्या राहिल्यात, आणि मी चालण्याचा व्यायाम वाढवायला काही हरकत आहे का. उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.